सुभेदारांचं जर्मन पदक

आमच्या कॅम्पचे सुभेदार जन्मात कधी सैन्यात नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. सैन्यात होते त्यांचे आजोबा. पहिल्या महायुद्धात ते गुहागरकडच्या एका वाडीतून उठून बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. ते खरोखर सुभेदार होते की साधे शिपाई, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. नातवाने मात्र तो हुद्दा बिनबोभाट आपल्या नावावर करून घेतला होता. कंपनीच्या लेखी ते कॅम्प बॉस. म्हणजे आम्हा शंभरेक माणसांचं राहणं, खाणं, पाणी, एसी आणि भांडणं हे सगळं त्यांच्याकडे. पण ओमानमधल्या खाबुऱ्याच्या त्या कॅम्पात त्यांना खऱ्या नावाने हाक मारलेली मी एकदाही ऐकली नाही. पगाराच्या दिवशी मस्कतहून येणारा क्लार्कसुद्धा "सुभेदारसाब" म्हणायचा.

मस्कतहून समुद्राच्या कडेकडेने वर गेलं की खजुराच्या आणि लिंबांच्या बागा लागतात, त्यातच खाबुरा. नव्वदच्या दशकात आमची कंपनी तिथे गावोगावी पाण्याचे पाइप टाकत होती. मी सर्व्हेअर, नुकता डोंबिवलीहून आलेला. पहिल्या दिवशी बॅग घेऊन कॅम्पाच्या फाटकात उभा होतो, तर खाकी सफारी घातलेला, भरघोस मिशांचा, बुटका माणूस हातात काठी घेऊन समोर आला. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "घोरतोस?"

मी नाही म्हणालो.

"सगळे नाहीच म्हणतात. तीन नंबरच्या केबिनमध्ये जा. तिथे घोरणारे दोन आहेत, तिसरा असला तरी कळणार नाही."

दर पहाटे ते शिट्टी वाजवून कॅम्पाची तपासणी करत. तपासणी म्हणजे काय, तर प्रत्येक पत्र्याच्या पोर्टा केबिनच्या एसीखाली लावलेली बादली बघायची. बातिनाच्या त्या किनारपट्टीच्या दमट हवेत एसीतून पाणी ठिबकत राहतं. त्या पाण्यावर सुभेदारांनी मेसच्या मागे अळू, मेथी आणि चार मिरच्या जगवल्या होत्या. ज्याच्या एसीची बादली भरलेली, तो माणूस त्यांच्या मर्जीतला. ज्याची रिकामी, त्याने एसी बंद ठेवून काटकसर केली असेल किंवा बादलीला लाथ मारली असेल, दोन्ही गुन्हे सारखेच. शेजारच्या बागेतल्या बकऱ्या मेथीवर टपलेल्या असत. त्यांच्याशी ते शुद्ध मराठीत भांडत आणि शेवटी "यल्ला, चला!" म्हणून दोन्ही भाषांत हाकलत.

खजूर मात्र ते खात नसत. सगळा खाबुरा खजुरांनी लगडलेला, बागवाले टोपल्या भरभरून आणून देत, आणि हा माणूस हात मागे घेई. "खजूर खाल्ला की माणूस इथलाच होतो," असं त्यांचं म्हणणं. आपण इथले नाही, चार दिवसांसाठी आलोय, हे त्यांनी पोटाशी पक्कं बांधलं होतं. ते चार दिवस सुरू होऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

त्यांचा मोठा छंद म्हणजे पदकं. बाजारातली नव्हेत, स्वतः केलेली. ट्यूनाच्या डब्याची झाकणं ते वर्कशॉपमध्ये कानसून गोल करून घेत आणि खणलेल्या रस्त्याभोवती आम्ही लावायचो ती लालपांढरी पट्टी त्यांना बांधत. शुक्रवारी जेवणाआधी मेसमध्ये पदकदान. मोठा पाइप न फोडता उतरवल्याबद्दल. चपात्या गोल केल्याबद्दल. दोन पठाणांचं भांडण बंगाल्याने सोडवल्याबद्दल. मला पहिलं पदक मिळालं ते आल्यापासून महिनाभर न रडल्याबद्दल. खरं तर मी दोनदा रडलो होतो, पण दोन्ही वेळा एसीच्या आवाजात, त्यामुळे नोंद झाली नव्हती. हसू येतं आता, पण ते झाकण गळ्यात पडलं तेव्हा छाती वीतभर फुगली होती, हे कबूल करतो. "माणूस पगारावर जगतो आणि कौतुकावर टिकतो," असं सुभेदार म्हणत, आणि त्या कॅम्पातून पळून गेलेला माणूस मला तरी आठवत नाही.

एवढ्या सगळ्यांची हौस पुरवणाऱ्या ह्या माणसाची स्वतःची हौस एकच होती. बायकोने एकदा इथे यावं.

कॅम्पाच्या टोकाला एक केबिन त्यांनी तिच्यासाठी राखून ठेवली होती. आतून पोपटी रंग, खिडकीला फुलाफुलांचे पडदे, दाराबाहेर तुळस. तिथे कोणाला पाऊल टाकू देत नसत. एकदा मस्कतचा मोठा साहेब मुक्कामाला आला, कॅम्प भरलेला, तर सुभेदारांनी स्वतःचा पलंग त्याला दिला आणि आपण मेसच्या टेबलावर झोपले, पण ती केबिन उघडली नाही. मी विचारलं, "वहिनींनी यावं असं एवढं काय आहे हो इथे? पाइप आणि बकऱ्या."

"तेच बघायला यायला हवं," ते म्हणाले. "अठरा वर्षं मी कुठे जातो, कुठे झोपतो, काय खातो, ह्यातलं तिने काही बघितलेलं नाही. मी सांगतो ते ती ऐकते. आणि मी काय सांगतो ते तुला ठाऊकच आहे."

ते ठाऊक होतं. वहिनींना त्यांनी सांगितलं होतं की आपल्या हाताखाली शंभर माणसं आणि एक बाग आहे.

शुक्रवारी सकाळी कॅम्पाच्या फोनवरून ते गुहागरच्या बाजारातल्या एसटीडी बूथवर फोन लावत. वहिनी वाडीतून चालत बाजारात येऊन तिथे थांबलेल्या असत. सुभेदारांचा समज असा की आवाज समुद्रापलीकडे पोचवायचा तर ओरडायलाच हवं. त्यामुळे अर्धं संभाषण सगळा कॅम्प ऐकायचा.

"व्हिसा तयार आहे गं! कंपनी काढून देते म्हणते!... काय?... गाय? अगं, गाईला शेजारी बघतील की!... काजूला अजून अवकाश आहे!... कोणाचं बाळंतपण? तिचं मागल्या वर्षी झालं ना?... परत?"

फोन ठेवून बाहेर आले की मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "पुढच्या महिन्यात येते म्हणाली." आम्ही सगळे "वा वा" म्हणायचो. आधी सासू आजारी होती, मग मुलीची शाळा, मग मुलीचं लग्न. सासू गेली, मुलगी सासरी गेली, आता गाय होती. आमचा स्वयंपाकी हमीदभाई दाभोळचा, वहिनींच्या गावापासून खाडीपलीकडचा. तो मला हळूच म्हणाला, "गायीचा काय नाय रे. बाई रागावलीय. जायला हवा तेव्हा गेला नाय, आता तिलाच बोलावतोय म्हणून रागावलीय."

आता त्या जर्मन पदकाकडे येतो.

मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या बाजारात चांदीवाल्यांची बसकी दुकानं होती. सुभेदार कॅम्पाचं सामान आणायला सीबला गेले की तिथे डोकावत. एका म्हाताऱ्या चांदीवाल्याच्या डब्यात, जुनी नाणी आणि तुटक्या साखळ्यांच्या गाळात, त्यांना एक काळा लोखंडी क्रूस सापडला. मध्ये पानांची माळ, माळेत १९१४ आणि १९१८. म्हातारा म्हणाला, "अलमानी." म्हणजे जर्मन. चांदी नाही म्हणून त्याने तो जवळजवळ फुकटच देऊन टाकला. कुठल्या तरी गोऱ्याच्या सामानातून आला असेल.

सुभेदार परत आले ते मेसचं दार लाथेने उघडूनच. "आजोबांचा जर्मन सापडला!"

त्यांचं गणित असं: आजोबा त्याच युद्धात बसऱ्याला लढले. बसरा इथून वरच्या अंगाला, ह्याच समुद्रावर. तेव्हा आजोबांनी जो जर्मन लोळवला त्याचंच हे पदक, वाहत वाहत इथवर आलं. बसऱ्याला समोर बहुतेक तुर्क होते असं मी म्हणून पाहिलं. "तुर्कांच्या मागे कोण होतं?" त्यांनी विचारलं आणि विषय संपवला. पुढच्या शुक्रवारपासून खाकी सफारीवर तो क्रूस झळकू लागला आणि जेवताना बसऱ्याची लढाई सुरू झाली. पहिल्या आठवड्यात आजोबांनी एक जर्मन लोळवला. तिसऱ्या आठवड्यात तीन झाले.

पंजाबी इलेक्ट्रिशियन म्हणाला, "सुभेदारसाब, पिछले जुम्मे तो एक ही था."

"पिछले जुम्मे सुननेवाले भी कम थे," सुभेदार शांतपणे म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

अशात एक दिवस पंप तपासायला एक जर्मन इंजिनिअर आला. उंच, पिकलेला, साठीला टेकलेला, उन्हाने लाल झालेला. दुपारी तो मेसमध्ये जेवायला बसला. नेमका शुक्रवार. सुभेदारांना खरा जर्मन आयताच मिळाला. छाती पुढे काढून ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि पदकावर बोट ठेवून आपल्या इंग्रजीत म्हणाले, "माय ग्रँडफादर. बसरा. युवर ग्रँडफादर. खलास!"

आम्ही जिभा चावल्या. पंपांचं काम आता अडकणार, असंच मला वाटलं. जर्मनाने चमचा खाली ठेवला, चष्मा लावला आणि पदक जवळून पाहिलं. मग सुभेदारांना अगदी हळू विचारलं, "तुमच्या घरी कोण वारलं?"

सुभेदार गोंधळले. भाषांतराला मी होतो. जर्मन म्हणाला, हे पदक युद्धानंतर पुष्कळ वर्षांनी दिलं गेलं, आणि ते तीन प्रकारचं होतं. जे आघाडीवर लढले त्यांच्या पदकावर दोन तलवारी. जे सैन्यात होते पण आघाडीवर नव्हते, त्यांचं बिनतलवारीचं. आणि हे काळं, हे मेलेल्यांच्या विधवांना आणि आईबापांना. "माझ्या आजीला होतं हे. शिवणाच्या डब्यात ठेवायची. माणूस नेला आणि लोखंड पाठवलं, म्हणायची. कधी घातलं नाही." थोडं थांबून त्याने अगदी सहज विचारलं, "तुम्ही कोणासाठी घातलंय?"

मी मराठीत सांगितलं, तसा सुभेदारांचा पदकावरचा हात खाली आला. विधवेचं पदक छातीवर लावून आपण महिनाभर मिरवत होतो, ह्याची लाज वाटली असेल असं मी समजलो. जेवण टाकून ते मागे अळवात जाऊन बसले. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाले, "माझी आजी रे. आजोबा गेले तेव्हा विशीची होती. मी बसऱ्याच्या एवढ्या गोष्टी केल्या, त्यात ती कुठेच नाही."

पण सुभेदार दुःखात फार वेळ बसणारे नव्हते. चहा संपेपर्यंत त्यांचे डोळे चमकायला लागले. "पण बघ हां! लढणाऱ्याला पदक, लढणाऱ्याला भाकरी पोचवणाऱ्याला पदक, आणि जी मागे राहिली तिलाही पदक! आणि हे कोणी केलं, तर हरलेल्यांनी! आपण तर कुठे हरलोय?"

दुसऱ्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये ट्यूनाची झाकणं खणखणू लागली. पाइपला लावायच्या डांबरी रंगात ती बुडवून काळी केली गेली आणि हुकूम सुटला: जो सुट्टीवर जाईल त्याने आपल्या घरी मागे राहिलेल्या माणसासाठी एक काळं पदक न्यायचं. बायको असेल तर बायकोला, नाहीतर आईला. लोक हसले, पण घेऊन गेले. केरळच्या फोरमनच्या बायकोने ते देवाजवळ ठेवलं. एका पठाणाच्या आईने बकरीच्या गळ्यात बांधलं, नजर लागू नये म्हणून, आणि बकरीला म्हणे जुळं झालं. ही बातमी आल्यावर कॅम्पात पदकांची मागणी फार वाढली.

इथवर ठीक होतं. मग हमीदभाईची सुट्टी आली.

आखातात कोणी गावाला निघालं की त्याच्या बॅगेत त्याचं स्वतःचं सामान निम्मंच असतं. बाकी सगळं इतरांचं. दूध पावडरचे डबे, अत्तरं, बाम, कोणाच्या पोराचे बूट. जो जातो त्याच्या हाती पाठवायचं, आणि येणाऱ्याने तिकडचं आणायचं. त्याला नाही म्हणायची सोय नाही. सुभेदारांनीही वहिनींसाठी सामान बांधलं आणि वर रेशमी रुमालात गुंडाळून ते खरं जर्मन पदक ठेवलं.

मी कपाळावर हात मारला. "सुभेदार, ते विधवेचं आहे! वहिनी सवाष्ण आहेत. तुम्ही जिवंत आहात!"

"जर्मनीत तसा नियम आहे. आपण बदलू."

"असले नियम बदलत नसतात हो. कपाळाचं कुंकू आहे ते."

हमीदभाई तर दोन पावलं मागे सरला. "तौबा! ह्यो काम मना नाय सांगायचा. वहिनी खाडीत ढकलील."

"हमीद," सुभेदार म्हणाले, आणि त्यांचा आवाज वेगळाच होता, "अठरा वर्षांत मी तिला साड्या दिल्या, सोनं दिलं. ती कपाटात ठेवते. हे तिचं आहे. तिने कमावलंय. तू फक्त दे."

हमीदभाई गेला. शुक्रवार आला, सुभेदारांनी बूथवर फोन लावला, तर बूथवाला म्हणाला, काकू आज आल्या नाहीत. पुढच्याही शुक्रवारी आल्या नाहीत. त्याच्याही पुढच्या. सुभेदारांची शिट्टी बंद पडली. पहाटे काठी घेऊन फिरत, पण बादल्या न बघताच पुढे जात. दोन बकऱ्यांनी मेथीचा वाफा साफ केला, त्यांनाही काही बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, संपलं. ह्या माणसाने आपल्या हाताने आपलं घर मोडलं.

महिन्याने हमीदभाई परतला. आम्ही त्याला फाटकातच गाठलं. "काय झालं? दिलंस?"

"दिलं. म्हटलं, सुभेदारांनी मान म्हणून पाठवलाय. वहिनी म्हणाल्या, कसला मान? आता खोटं कसं बोलू? सांगितलं. जर्मनीत नवरा मेला का बायकोला देतात."

सुभेदार मान खाली घालून काठीने माती उकरायला लागले.

"मग?" मी विचारलं.

"मग कायच नाय. मना घावणे खायला घातले. पोटभर. आणि मी निघालो तेव्हा म्हणाल्या, तो व्हिसा का काय म्हणत होते, तो अजून मिळतो का विचार."

सुभेदारांनी मान वर केली.

"म्हणाल्या, सांग त्यांना, येत्येय."

जे इतक्या वर्षांच्या आर्जवांनी झालं नव्हतं ते एका अशुभ लोखंडाने केलं. कागद झाले. सीबच्या विमानतळावर आम्ही पिकअप घेऊन गेलो. सुभेदारांनी मिशांना कलप लावला होता आणि आरशात इतक्यांदा पाहिलं की शेवटी ड्रायव्हरने आरसा आपल्याकडे वळवून घेतला. वहिनी बाहेर आल्या त्या बारीक, ताठ, नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. नवऱ्याकडे एकवार पाहिलं. "वाळलात," म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या. खाबुऱ्यापर्यंत त्या खिडकीतून बागा बघत होत्या आणि सुभेदार त्यांच्याकडे. पदकाचं नाव कोणीच काढलं नाही.

कॅम्पात सगळी माणसं आंघोळ करून, धुतलेले शर्ट घालून मेसमध्ये उभी होती. वहिनींनी पिशवीतून रुमाल काढला, सोडला आणि तो काळा क्रूस टेबलावर ठेवला.

"काय हो, हे कोणाच्या मरणाचं?"

मराठी कळत नव्हती त्यांनाही प्रश्न कळला.

"अगं, तसं नव्हे. मान म्हणून..." सुभेदार चाचरले.

"जल्लं मेलं ते लक्षण! मान द्यायचा तर जिवंतपणी दारात येऊन द्या. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही इथे. पोरीला पाठवलं तेव्हा चार दिवस आलात, पाहुण्यासारखे. मी दर वेळी एकटी उभी. आणि पाठवता काय, तर हे? मी काय तुम्हाला मेलेले धरून चालू?"

एवढं बोलून त्या खुर्चीवर बसल्या. त्यांचे डोळे भरले होते. सुभेदारांचेही. मग वहिनींनी समोरच्या पेल्यातला चहा उचलून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "हा चहा आहे?"

हमीदभाई आतून आल्याचा तुकडा घेऊन धावत आला, आणि सगळी मेस हसायला लागली. सुभेदार सगळ्यात मोठ्याने.

पुढचा महिना म्हणजे आमच्या कॅम्पाचा सुवर्णकाळ. पोपटी केबिनचं दार उघडलं. शिट्टी वहिनींनी जप्त केली, "माणसं आहेत, म्हशी नाहीत" म्हणून. शेजारच्या बागेतली ओमानी म्हातारी आणि त्या, दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नसे, पण दुपारभर लिंबं चिरत गप्पा मारत. एकदा तिने खजुरांची परडी आणली. वहिनींनी एक खजूर उचलून बी काढली आणि तो नवऱ्यापुढे धरला. सुभेदार म्हणाले, "मी खात नाही, माणूस इथलाच होतो." "आता काय व्हायचे बाकी आहात?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी निमूट तोंड उघडलं. मग परडी संपेपर्यंत थांबले नाहीत.

पदक मात्र वहिनींनी घातलं नाही, ठेवूनही घेतलं नाही. "कुठल्या तरी बाईचं आहे हे," त्या म्हणाल्या. "तिचा माणूस गेला होता. ते घेऊन आपण काय मिरवायचं? तिचं तिकडे पोचवा." आणि तो जर्मन पुढच्या वेळी पंप बघायला आला तेव्हा वहिनींनी आखाती रीतच पाळली. तो सुट्टीवर घरी जायचा होता. रुमालात पदक, सोबत फणसपोळीची गुंडाळी, आणि निरोप: ज्याच्या गावचं आहे त्या गावी द्या. जर्मन म्हणाला, ही बाई कोण होती ते मला कसं कळणार? वहिनींनी मला सांगितलं, "त्यांना म्हणावं, कळलं नाही तर आजीच्या डब्यात ठेवा. दोघी सोबतीला राहतील."

मी सांगितलं. तो म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने वहिनींचे दोन्ही हात धरले. फणसपोळी त्याने तिथेच उघडून खाल्ली, पदक शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

व्हिसाचे दिवस संपले. कॅम्पातल्या प्रत्येकाने वहिनींच्या हाती काही ना काही देऊ केलं, आणि त्यांनी कोणालाच नाही म्हटलं नाही. विमानतळावर आम्ही दोघंच पोचवायला गेलो. त्या आत गेल्या. काचेच्या दारापाशी एकदा वळल्या, "निघा आता" अशी हाताने खूण केली, आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

मी गाडीकडे वळलो. सुभेदार हलले नाहीत.

"चला. आता काही दिसायचं नाही."

"तेच बघतोय," ते म्हणाले. "मुंबईला दर वेळी ती पोचवायला यायची. मी काचेतून आत जायचो. आत किती गंमत असते रे, कोणाची बॅग जड, कोणाचा पासपोर्ट विसरला, माणसं भेटतात, चहा मिळतो. मला वाटायचं, तिला अजून दिसतोय मी." काचेवर त्यांचा हात होता. "बाहेरून काहीच दिसत नाही. मी आत गेल्यावर ही इतकी वर्षं इथे काय करत असेल?"

विमान उडेपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो. शनिवारी कामावर आल्या आल्या त्यांनी राजीनामा दिला. मस्कतच्या साहेबाला वाटलं बढती हवी असेल. त्याने ती देऊ केली. सुभेदार म्हणाले, "साहेब, माझी बदली झालीये."

शुक्रवारी त्यांनी फोन लावला. सगळा कॅम्प दाराशी. नेहमीसारखे ओरडले नाहीत, म्हणून आम्हाला कान द्यावे लागले.

"मी येतोय गं." मग थोडं ऐकून आमच्याकडे वळून हसले. "विचारत्येय, किती दिवसांसाठी?" आणि फोनमध्ये म्हणाले, "आता मोजू नकोस."

पलीकडे काही आवाज येईना. सुभेदार "हॅलो, हॅलो" करू लागले. बऱ्याच वेळाने बूथवाल्याचा आवाज आला, इतका मोठा की मलासुद्धा ऐकू आला. "काका, काकू फोन टाकून बाहेर गेल्या हो! सगळ्या बाजाराला सांगत सुटल्यात!"

सुभेदारांनी फोन ठेवला नाही. रिसीव्हर कानाला लावून, मिशीतल्या मिशीत हसत, ते गुहागरचा बाजार ऐकत उभे राहिले.